सुट्टीनंतरची शाळा आणि घरातील वडील मंडळी

अढीतील आंबे तळाला लागले, वळवाच्या दोन-चार सरी येऊन अंगणातली धूळ बसली आणि आजोळी गेलेली मुले परत आली, म्हणजे आपल्या घरांतून एक ठरावीक देखावा दरवर्षी पाहावयास मिळतो. महिनाभर ज्या मुलांच्या आरडाओरड्याने माडी दणाणून जात होती, ती एकाएकी गप्प होतात. एखादे जेवणावरून अर्धपोटी उठते. एखादे विनाकारण धाकट्या भावंडाला चिमटे काढते. आणि एखादे सकाळी अंथरुणातूनच पोट दुखत असल्याची वर्दी देते. मग घरातील वडील मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात आणि म्हणतात, "शाळा जवळ आली!"

हे हसणे आम्हीही पुष्कळ वर्षे हसलो आहोत. १९७९ पासून २०१६ पर्यंत सदतीस वर्षे आम्ही प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, म्हणजे शाळा उघडण्याचा पहिला दिवस सदतीस वेळा पाहिला. परंतु खरे सांगावयाचे तर, तो नेहमी वर्गाच्या आतून पाहिला. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या पोटात काय कालवत असते, ते आम्हांस सेवानिवृत्त होऊन आजोबा झाल्यावर कळले. उशिरा सुचलेले हे शहाणपण वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने आज लेखणी हाती घेतली आहे.

आमच्या घरची गोष्ट

गतवर्षीची हकीकत. आमची नात चौथी उत्तीर्ण होऊन पाचवीला मोठ्या शाळेत जावयाची होती. मुलगी हुशार, वाचनाची आवड असलेली. अभ्यासाच्या कंटाळ्याचा प्रश्न नव्हता. तथापि जूनची आठ तारीख उजाडली आणि तिचे पोट दुखू लागले. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबात वैद्यांची उणीव कधीच नसते! तिच्या आजीने ओवा आणि काळे मीठ दिले. वडिलांनी दरडावले, "नाटकं पुरेत आता. पंधरा तारखेला गुपचूप जायचं." काकाने आमिष दाखविले की, पहिला आठवडा न रडता गेलीस तर सायकल. आम्ही पडलो मास्तर. आम्ही तिला सायंकाळी जवळ बसवून विद्येचे महत्त्व अर्धा तास समजावून सांगितले आणि वर दोन सुभाषितेही ऐकविली. मुलीने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पोट अधिकच दुखले.

यानंतर काय घडले, ते आम्ही ओसरीवरून ऐकले. तिची काकू स्वयंपाकघरात उकडलेल्या आठळ्या सोलीत बसली होती आणि मुलगी तिच्याजवळ हातभार लावावयास बसली होती. काकूने शाळेचा प्रश्नच काढला नाही. ती सहज आपल्या लहानपणीचे सांगू लागली की, मोठ्या शाळेत पहिल्या दिवशी ती चुकून भलत्याच तुकडीत जाऊन बसली आणि हजेरीत नाव न आल्यावर रडू लागली. नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग काकू, सगळे हसले का गं तुला?"

"हसले की! दोन दिवस हसले. मग विसरले."

आणखी चार आठळ्या सोलून झाल्यावर खरे कारण बाहेर आले. "मला ना, तिथलं बाथरूम कुठे आहे तेच माहीत नाही. आणि बाईंना विचारायला उभी राहिले आणि सगळे हसले तर?"

इतके दिवस घर ज्याचा विचार करीत होते ते दुखणे एवढेच होते! दुसऱ्याच दिवशी काकू तिला घेऊन शाळेत गेली. प्रवेशाच्या कामासाठी कचेरी उघडी होतीच. शिपाईमावशींनी पाचवीचा वर्ग, पाण्याचे नळ, जिना आणि मुलींचे स्वच्छतागृह दाखविले. या सर्वांस पाऊण तास लागला. त्यानंतर पोट दुखले नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पंधरा तारखेच्या सकाळी ते थोडे दुखलेच. परंतु ते दुखत असताना मुलगी आपल्या पायांनी फाटकातून आत गेली.

मुलांस शाळेविषयी 'उत्साह' कसा वाटेल, असे पालक विचारतात. या शब्दाचीच थोडी फोड करून पाहावी. 'सह्' म्हणजे सहन करणे, पेलणे, आणि त्यास 'उद्' हा उपसर्ग लागून उत्साह शब्द झाला आहे. म्हणजे उत्साह हा निव्वळ आनंद नव्हे, तर समोर आलेले ओझे उचलून धरण्याचे बळ होय. हे बळ बाहेरून ओतता येत नाही. वडील मंडळींना करता येण्यासारखे एवढेच की, मुलाच्या पाठीवर नेमके कोणते ओझे आहे ते शोधून काढावे आणि त्यातील जे निष्कारण असेल ते उतरवावे. उरलेले मूल आपले आपण पेलते. आमच्या सांगण्याचे सार यात आले. पुढील सर्व विस्तार याचाच आहे.

सुट्टीची आवड हा दोष नव्हे

पहिली गोष्ट ही की, सुट्टी प्रिय वाटणे आणि शाळा नकोशी वाटणे यांची आपण गल्लत करतो. सुट्टीचा आनंद ही काही आजकालच्या मुलांनी शोधून काढलेली गोष्ट नाही. आपल्या विदर्भात जन्मलेल्या भवभूतीने, सुमारे तेराशे वर्षांपूर्वी, 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमातील बटूंचे मोठे गोड चित्र काढले आहे. थोर पाहुणे आले म्हणून आश्रमात अनध्याय झाला आणि ते तपोवनातील ब्रह्मचारी खेळण्याबागडण्यात दंग होऊन गलका करू लागले. प्रत्यक्ष वाल्मीकींचे शिष्य सुट्टी मिळाल्यावर हर्षभरित होतात, तर आमच्या-तुमच्या नातवंडांनी काय पाप केले?

सुट्टी ही अध्ययनाच्या व्यवस्थेचाच एक भाग आहे, हे आपल्या पूर्वजांनी पुरते ओळखले होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाचे अनेक प्रसंग सांगितले आहेत. त्याच ठिकाणी वेदाध्ययनाचे सत्रही दिले आहे: श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून आरंभ करावा, साडेचार महिने अध्ययन करावे आणि पौषात अथवा माघ शुद्ध प्रतिपदेस उत्सर्जन करावे. त्या अध्ययनाचा अधिकार समाजातील थोड्यांनाच होता आणि तो मोठाच दोष होता, हे आम्ही विसरत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खंडानंतर पुन्हा अध्ययनास लागणे ही साधी बाब नसून तिच्यासाठी एक संस्कार हवा, असे त्यांस वाटले. उपाकर्म म्हणजे आरंभाचा विधी. तो गुरू आणि शिष्य दोघेही करीत. आमच्या लहानपणी दसऱ्याच्या सुमारास पाटीवर एकचे आकडे मांडून सरस्वती काढीत आणि तिची पूजा होई, त्यातील मर्मही तेच होते.

आज सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. मुलांस फूल देतात, नवी पाठ्यपुस्तके हातात ठेवतात. ही प्रथा आम्हांस फार आवडते. प्रश्न एवढाच की, शाळा स्वागत करते, त्या वेळी घर काय करते? पुष्कळ घरांतून त्या सकाळी "ऊठ लवकर, आता पुरे झाले लाड," या मंत्राने उपाकर्म होते.

मुलांस शाळा मुळातच नकोशी असते, असे ज्यांना वाटते त्यांनी नजीकचाच काळ आठवावा. महामारीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात मोठ्या इयत्तांचे वर्ग मधूनमधून भरले आणि मिटले; परंतु पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेचे दार दिसावयास डिसेंबर २०२१ उजाडले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीपासून पुन्हा हळूहळू उघडू लागले. आमच्या पुतण्याच्या मुलाची पहिली इयत्ता अशीच मोबाइलच्या पडद्यापुढे गेली. तो त्या काळात रोज संध्याकाळी गणवेश चढवून गच्चीवर दप्तर घेऊन फेऱ्या मारीत असे. जो मुलगा आज सुट्टी संपली म्हणून तोंड पाडून बसतो, तोच हा मुलगा! त्यास शाळा नको असते असे नाही. एका रीतीतून दुसऱ्या रीतीत एकदम ढकलले जाणे नको असते.

शाळेचा बागुलबुवा

हे ढकलणे बहुधा वडील मंडळींच्या जिभेने होते. मे महिन्यात मुलांनी दंगा केला म्हणजे आपण म्हणतो, "थांब, शाळा सुरू होऊ दे, मग कळेल!" हस्ताक्षर वाईट आले तर म्हणतो, "नव्या वर्गातल्या बाई चांगल्या कडक आहेत." बोलणाऱ्याच्या मनात काही नसते. परंतु महिनाभरात हे वाक्य आजोबा, काका, आत्या, शेजारच्या काकू अशा दहा मुखांतून दहा वेळा ऐकलेल्या मुलाच्या मनात शाळा म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा असे समीकरण ठरून जाते. मग त्याच मुलाने पंधरा तारखेस हसतमुखाने निघावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

एकत्र कुटुंबातला दुसरा धोका तुलनेचा. एका छपराखाली चार भावंडे असली म्हणजे एकाचा उत्साह दुसऱ्याच्या डोक्यावर आपटण्याचा मोह होतो. "बघ, तो कसा आपणहून पुस्तकं काढून बसला!" या बोलण्याने पुस्तके काढून बसणाऱ्यास गर्व होतो, न बसणाऱ्यास मत्सर होतो, आणि अभ्यास कोणाचाच होत नाही.

जिभेचे हे पाप घरातील माणसेच करतात असे नव्हे. मास्तरही करतात, आणि ते आम्ही केले आहे. १९८७ च्या जूनमधील गोष्ट. शाळेचा पहिला दिवस, वर्ग पाचवीचा. सुट्टीचा अभ्यास तपासताना एका मुलाची वही कोरी निघाली. नव्हे, त्याच्याजवळ वहीच नव्हती. आम्ही त्यास पुढे बोलावले आणि म्हणालो, "महाराजांना सुट्टीत राज्यकारभारातून सवड मिळाली नसावी!" वर्ग खदखदून हसला. हातही न लावता वर्गास शिस्त लावली, याचे आम्हांस थोडे समाधानच वाटले.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी त्याचे वडील दारात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, पोरगा रोज सकाळी उलट्या करतो. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही." चौकशी करता कळले की, मे महिन्यात गावी त्याचे आजोबा वारले होते आणि त्या गडबडीत वही तिकडेच राहिली होती. मुलगा तीन आठवड्यांनी शाळेत आला. वर्ष पार पडले, तो उत्तीर्णही झाला. परंतु त्या संपूर्ण वर्षात आमच्या तासाला त्याने एकदाही हात वर केला नाही. चित्रकलेच्या तासाला तो भरपूर बोलतो, असे आमचे सहकारी सांगत. आम्ही त्याची क्षमा मागितली नाही. मास्तराने विद्यार्थ्याची क्षमा मागावयाची असते, हे त्या वेळी आम्हांस कोणी शिकविले नव्हते. आणि ज्या वेळी आपले आपण कळले, त्या वेळी तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास जशी बंदी आहे तशीच मानसिक छळासही आहे. ते कलम प्रथम वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तो पाचवीचा वर्ग उभा राहिला.

मूल शाळेला येत नसेल तर प्रथम दोष मुलाकडे पाहावयाचा, ही आपली जुनी खोड. ती सोडून देण्याचा धडा महाराष्ट्रास ताराबाई मोडक यांनी घालून दिला. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास बालशिक्षणाचे काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरविली. मुलास ओढून आणण्याऐवजी ते का येत नाही हे या बाई विचारीत राहिल्या. आपल्या घरात एका मुलापुरते एवढे करणे आपणांस कठीण जाऊ नये.

निजण्या-उठण्याचे गणित

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पैकी पहिली झोपेची. मे महिन्यात पत्ते, गच्चीवरील गप्पा आणि अलीकडे मोबाइल, यांमुळे मुले मध्यरात्री निजतात आणि उन्हे वर आल्यावर उठतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्राशास्त्रातील तज्ज्ञ सांगतात. सहाला उठावयाचे असलेल्या दहा वर्षांच्या मुलाने, फार उशीर म्हटला तरी, नऊला निजले पाहिजे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०२४ साली काढला, तो या झोपेचाच विचार करून. परंतु वरच्या इयत्तांची सकाळची शाळा अनेक ठिकाणी सातच्या सुमारासच भरते.

बारावरून नऊवर एका रात्रीत उडी मारता येत नाही. चौदा तारखेस मुलास नऊला अंथरुणात घातले तरी ते अकरापर्यंत आढ्याकडे पाहत पडते, आणि त्या काळोखात शाळेची नाही नाही ती चित्रे त्याच्यापुढे नाचतात. म्हणून शाळेआधी पंधरवडाभर, दर दोन दिवसांनी पाव तास, याप्रमाणे निजणे आणि उठणे दोन्ही अलीकडे आणावे. चौदा दिवसांत पावणेदोन तासांची मजल सहज मारता येते, आणि अंतर त्याहून मोठे असल्यास आरंभच थोडा आधी करावा. सकाळी उठल्याबरोबर मुलास अंगणात किंवा गच्चीत उजेडात न्यावे आणि रात्री निजण्यापूर्वी तासभर पडदे बंद ठेवावेत, कारण शरीरातील घड्याळ उजेडावर चालते. मात्र यात एक पथ्य आहे. हा नियम साऱ्या घरास लागू असला पाहिजे. दिवाणखान्यात काकांची मालिका साडेदहापर्यंत चालू आणि मुलांना मात्र नऊला झोपेचा हुकूम, असला कायदा मुले मनातून कधीच मान्य करीत नाहीत.

विसरण्याची भीती आणि बक्षिसाचा मोह

मुलांच्या मनातील आणखी एक काटा म्हणजे "मी सगळं विसरलो" ही भीती. पाढे अडखळतात, भागाकार चुकतो, आणि मूल हबकते. त्यास आपण धीर द्यावा, तर आपणच म्हणतो, "वर्षभराच्या फीचे पाणी झाले!" वस्तुतः हे विसरणे स्वाभाविक आहे आणि ते पूर्ण विसरणे नव्हे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, एकदा पाठ झालेली गोष्ट विसरल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा पाठ करावयास पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. संथा घेणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. मुलास हे पटवावयाचे तर उपदेश नको, प्रचीती द्यावी. शेवटच्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटे, आजीबरोबर पाढे, आजोबांपुढे एक पान मोठ्याने वाचन, बाजारातून आल्यावर हिशोब, एवढे पुरे. तिसऱ्या दिवशी चौदाचा पाढा न अडखळता आला, म्हणजे त्याचे त्यालाच कळते. सुट्टीच्या अखेरीस नव्या इयत्तेचे पुस्तक अर्धे संपविण्याचा जो उद्योग काही घरांत चालतो, त्याने मात्र भीती दुणावते आणि वर्गातील नवलाईही नष्ट होते.

काकांच्या सायकलीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आमिषाने मूल चार दिवस शाळेत जाईल, यात शंका नाही. परंतु १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी लहान मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांतील काहींना चित्राबद्दल बक्षीस देऊ असे आधी सांगितले आणि ते दिले. एक-दोन आठवड्यांनी पाहावे तो, ती मुले आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवू लागली होती. आवडीच्या कामास मोल लावले की ते मोलाचे काम होते. सायकल द्यावयाची असेल तर वाढदिवसाला द्यावी; ती शाळेची लाच होऊ देऊ नये.

मुलाच्या हातची तयारी

याउलट, जी तयारी मूल स्वतःच्या हातांनी करते तिची गोडी निराळीच असते. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घालणे, चिठ्ठीवर नाव लिहिणे, मागच्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने फाडून कच्च्या कामाची वही शिवणे, दप्तर झाडून उन्हात टाकणे, कंपासपेटीत काय उरले ते पाहणे, ही कामे आई-वडिलांनी रात्री जागून उरकू नयेत. कव्हरचा कोपरा वाकडा येईल, येऊ द्यावा. पुस्तके शाळेतच मिळावयाची असली तर त्याच सायंकाळी ओसरीवर सर्व मुलांनी मिळून हे काम करावे. नव्या पुस्तकाचा वास घेताना ज्या मुलाचा चेहरा खुलत नाही, असे मूल आमच्या तरी पाहण्यात नाही.

येथे एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ आहे. गतवर्षी त्याच इयत्तेत असलेले चुलतभावंड घरातच असते. कोणत्या बाकावर पंख्याचा वारा येतो, कोणते गुरुजी प्रश्न विचारण्याआधी चष्मा काढतात, डबा कोठे बसून खावयाचा, या ज्ञानापुढे आम्हां वडिलांचे ज्ञान फिके! पहिले चार दिवस मोठ्याने धाकट्यास बरोबर न्यावे. वाटेत त्या दोघांचे जे बोलणे होते ते आपण विचारू नये. शेजारचा एखादा वर्गमित्र असल्यास शाळेआधी त्यास एकदा फराळास बोलवावे. ओळखीचा एक चेहरा वर्गात असला की अर्धी लढाई जिंकल्यासारखी असते.

जेव्हा काटा खोल असतो

सगळीच दुखणी पाऊण तासात बरी होत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भीतीने दुखणारे पोट खोटे दुखत नसते. वेदना खरीच असते. म्हणून "ढोंग" हा शब्द घरातून हद्दपार करावा. ताप, वारंवार उलट्या, वजन घटणे, झोपेतून जागे करणारी कळ, किंवा सुट्टीच्या दिवशीही तितकेच दुखणे, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांस अवश्य दाखवावे. दुखणे केवळ शाळेच्या सकाळीच येत असेल तर शाळेच्या वाटेवर शोध घ्यावा. रिक्षात कोणी त्रास देते काय, मधल्या सुट्टीत कोणी डबा हिसकावते काय, फळ्यावरील अक्षरे दिसतात काय, वाचताना अक्षरे उलटसुलट होतात काय, हे पाहावे. शिक्षकांस भेटावे, परंतु भांडण्यास नव्हे, विचारण्यास. आणि दोन-तीन आठवडे उलटूनही मूल जाऊ शकत नसेल तर समुपदेशकाचा सल्ला घेण्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र तोवर त्याचे घरी राहणे लांबू देऊ नये. थोडा वेळ का होईना, त्याचे पाऊल शाळेत पडत राहावे. सुटलेला प्रत्येक दिवस पुढच्या दिवसाची पायरी उंच करतो.

विचारावयाचे कसे, हाही प्रश्न आहे. समोर उभे करून "काय होतंय तुला?" म्हटले की मूल "काही नाही" म्हणते. हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले म्हणजे त्याची जीभ सुटते. शेंगा मोडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, देवळाकडे चालताना ते बोलते. घरातील कोणापाशी ते बोलेल, हेही तेच ठरविते. आमच्या घरी ते आमच्यापाशी बोलले नाही, काकूपाशी बोलले. याचे आम्हांस प्रथम थोडे वाईट वाटले. आता वाटत नाही. घरात दहा माणसे असण्याचा अर्थच हा की, त्यांपैकी एक तरी मुलाला आपले वाटावे. बाकीच्या नऊ जणांनी त्या वेळी गप्प बसावे.

असो. नातीच्या पहिल्या दिवसाची हकीकत सांगून हा लेख पुरा करतो. ती सायंकाळी घरी आली तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे विचारणार होतो की, आज काय शिकविले? परंतु आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांनीच दटावले आणि तिच्यापुढे गूळ-पोळी ठेवली. अर्धी पोळी संपल्यावर ती आपणहूनच म्हणाली, "आजोबा, तिथल्या बाथरूमच्या दाराची कडी नीट लागतच नाही!"

आम्ही धसकलो. म्हटले, झाले, पुन्हा सुरू.

"मग गं काय केलंस?"

"एक मुलगी आहे ना माझ्या बाकावर, ती बाहेर उभी राहिली. मग मी तिच्यासाठी उभी राहिले. उद्या आम्ही शेजारीच बसणार आहोत."

एवढे बोलून ती उरलेली पोळी हातात घेऊन अंगणात पळाली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांस भेटून कडीविषयी विनंती केली. कडी आठवड्याने दुरुस्त झाली. त्या दोघी अद्याप शेजारीच बसतात.